एक हात पदराला, एक हात रिंगला

रिंगच्या खेळात दोन हातांनी झेल घेतला की गुण गेला. हा नियम ज्या कोणी केला, त्यानं आमच्याकडच्या सुना पाहिल्या असाव्यात, असं मला नेहमी वाटत आलं आहे. माझा डावा हात लग्नाच्या दिवसापासून डोक्यावरच्या पदरात अडकलेला होता. खेळायला उजवाच तेवढा उरला होता आणि या खेळाला लागतोही एकच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मध्ये जाळं, दोन्ही बाजूंना एकेक किंवा दोन-दोन माणसं. रबराचं एक कडं जाळ्यावरून पलीकडे फेकायचं. आलेलं एका हातात झेलायचं आणि त्याच हातानं लगेच परत पाठवायचं. ते जमिनीला लागलं की गुण समोरच्यांचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. दहा मिनिटं खेळून पाहा, मग बोला.

मी चांद्याच्या शाळेत हा खेळ खेळले होते आणि लग्नाबरोबर तो संपला असं धरून चालले होते. पहिलं वर्ष वरोऱ्याजवळच्या सासरच्या गावी गेलं. तिथे कापूस वेचण्यात आणि पदर सावरण्यातच मी तरबेज झाले. मग आमच्या ह्यांची जंगल खात्यात कारकून म्हणून धानोऱ्याला बदली झाली आणि दोघांचं बिऱ्हाड थाटलं. ट्रंक लावताना ह्यांच्या सदऱ्यांच्या खाली एक रबरी रिंग निघाली. नागपूरला शिकताना वसतिगृहात ते खेळत. सोन्याचं कडं निघालं असतं तरी मला इतका आनंद झाला नसता.

लाकडाच्या डेपोच्या आवारात दोन सागाचे खांब रोवले. ढिवराकडून एक फाटकं मासळीचं जाळं आणून बांधलं. संध्याकाळी ऑफिस सुटलं की खेळ सुरू. समोरच्या क्वार्टरात साहेबांची म्हातारी आई ओसरीवर बसलेली असायची, त्यामुळे पदराला सुटी नव्हतीच. हिरडा आणि चारोळी घेऊन आलेल्या गोंड बाया ओंडक्यांवर बसून पाहायच्या आणि पोट धरून हसायच्या. गुण कोणाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. रिंग उंच गेली की त्या खूश. एकीनं एकदा स्वतः फेकून पाहिली, तर ती थेट ऑफिसच्या कौलांवर गेली आणि शिपायाला शिडी लावावी लागली.

ह्यांना आवड दांडगी, हात मात्र लोण्याचे. आलेली रिंग सुटायचीच. मी सांगू लागले की चेहरा एवढासा व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच वाजता हजर. हा माणूस हरायला भीत नाही, हे मला त्या आवारात कळलं आणि त्यावरूनच ते मला आवडायला लागले. लग्नात तर मी त्यांना धड पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर वरोऱ्याला सरकारी नोकरांचे आणि शिक्षकांचे सामने ठरले. त्यात बाई आणि पुरुष अशा जोडीचा एक सामना होता. ह्यांनी मला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली. मग हेच रात्रभर तळमळले, कारण वरोरा म्हणजे सासरच्या गावापासून दोन कोस. तिथे सून मैदानात उतरली, तर चुलीवरचा भात शिजायच्या आत बातमी घरी पोचणार. शेवटी त्यांनीच वडिलांना पत्र लिहिलं. उत्तर गावच्या गुरुजींच्या अक्षरात आलं. कापसाची गाडी घेऊन त्या दिवशी वरोऱ्याला सरकी काढायच्या जिनात येणारच आहे, खेळ पाहीन, आणि सुनेनं पुढं खेळायचं का नाही ते पाहून ठरवीन.

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, शब्द हा घरात शेवटचा शब्द. ह्यांनी जन्मात त्यांना उलट उत्तर दिलेलं नव्हतं. ते नाही म्हणाले की रिंग परत सदऱ्यांखाली जाणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. आणि मला ती जायला नको होती. भाकरी माझ्यापेक्षा सासूबाईंची चांगली, शिवण शेजारणीचं चांगलं. या एकाच गोष्टीत मी कोणाला ऐकणार नव्हते.

मामाजी उंचेपुरे. तरुणपणी आट्यापाट्यांचे तालुक्यात नावाजलेले खेळाडू होते. पुढे गुडघा गेला आणि काठी आली. दोन वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. राग नव्हता, रीत होती. मला काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगायचे, मग मी तिथेच का उभी असेना. एकदा सासूबाई घरात नव्हत्या, तर सुनेनं वैरण टाकली का, असं त्यांनी म्हशीला विचारलं. मी म्हशीकडे पाहूनच हो म्हणाले.

वैनगंगा नावेनं, पुढे मोटार, मग रेल्वे, असे आम्ही वरोऱ्याला पोचलो. मैदानाच्या कडेला मामाजींची कापसाची गाडी उभी होती आणि ते रेघेला लागून एका पोत्यावर काठी टेकून बसले होते. मी दुरूनच वाकून नमस्कार केला. त्यांनी जाळ्याकडे पाहून मान हलवली.

पहिली जोडी मास्तर आणि मास्तरीणबाईंची. रिंग जरा जोरात आली की बाईंचे दोन्ही हात पुढे. माझा दुसरा हात पुढे येणं शक्यच नव्हतं. नुसत्या त्या चुकांवर आम्ही जिंकलो. पदराचे एवढे उपकार मी पूर्वी कधी मानले नव्हते.

दुसऱ्या सामन्यात पंचाईत झाली. समोरचे रेल्वेतले बाबू हुशार होते. ते रिंग बरोबर आम्हा दोघांच्या मध्ये टाकू लागले. धानोऱ्यात आम्ही बिनधास्त ओरडायचो. इथे वडिलांसमोर ह्यांनी मला हाक कशी मारायची आणि सासऱ्यांसमोर मी ह्यांना ओरडून कसं सांगायचं? दोघंही दाराशी आलेल्या पाहुण्यांसारखे आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभे, आणि रिंग मातीत. असे पाच-सहा गुण गेले. मध्ये पाणी प्यायला थांबलो तर मामाजींनी काठीनं मुलाला जवळ बोलावलं.

"तोंड घरी ठेवून आले काय दोघंही?" ते म्हणाले. "मंधात पडून राह्यली रिंग. तिले सांग, बोलाव लागते खेळात."

ह्यांनी येऊन मला सांगितलं. मी चार हातांवर होते, सगळं ऐकलं होतं, तरी मान डोलावली. मग मी 'घेते' म्हणायचं, त्यांनी 'सोडतो' म्हणायचं असं ठरलं आणि तो सामना आम्ही ओरडून ओरडून जिंकला.

शेवटचा सामना चांद्याचे एक वकील आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी होता. बाईंचं डोकं उघडं, पदर कमरेला खोचलेला. रिंग उजवीकडून येवो की डावीकडून, त्यांचा तो तो हात तयार. मी तर त्यांचा खेळ पाहतच राहिले. तरीही आम्ही सोडलं नाही. ह्यांनी त्या दिवशी असे झेल घेतले, जे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते आणि पुढेही फारसे पाहिले नाहीत. बरोबरी वीस-वीस झाली. पुढचा गुण घेईल तो जिंकणार होता.

वारा सुटला होता. पदर मागे सरकला होता आणि टोक तेवढं डाव्या मुठीत होतं. वकीलबाईंनी रिंग फेकली, ती माझ्या डाव्या खांद्याच्या रोखानं आली. उजवा हात तिथे पोचत नव्हता. डावा मोकळा असता तर रिंग अलगद हातात येऊन बसली असती. त्याच वेळी मला रेघेपलीकडे मामाजी उठून उभे राहिलेले दिसले. हा एक गुण की पुढचा सगळा खेळ, एवढंच माझ्या मनात आलं. मी मूठ सोडली नाही. रिंग माझ्या पायाशी पडली.

लोकांनी वकिलांच्या जोडीला टाळ्या दिल्या. मी पदर नीट केला आणि रडू आवरून उभी राहिले. हरलो होतो, पण रीत सांभाळली होती, आता तरी ते नाही म्हणणार नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. मामाजी लंगडत मैदानात आले. हे पुढे झाले. मामाजी त्यांना ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन थांबले.

"रिंग काऊन सोडली?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, म्हैसही नव्हती.

"पदर पडला असता, मामाजी," मी कशीबशी म्हणाले.

"पडला असता त उचलला असता. पदराले काय पाय फुटले असते?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. ज्यांच्यासाठी हातातला सामना घालवला, त्यांनीच मला फैलावर घ्यावं? मान खाली होती, पण आवाज खाली राहिला नाही.

"तुमी पाहून राह्यले होते म्हणून सोडली मी."

मी काय म्हणते आहे, हे मामाजींना खरोखरच कळत नव्हतं.

"मी त रिंगकडे पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी पंचांच्या हातातली रिंग मागून घेतली, काठी मुलाकडे दिली आणि दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. डावा हात पुढं कर, म्हणाले. सगळा वरोरा बघत होता. मी मूठ सोडली आणि पदर खांद्यावर आला. त्यांनी माझ्या डाव्या बाजूला रिंग फेकली. ती हुकली. मी उचलून दिली, त्यांनी पुन्हा फेकली, तीही हुकली. डावा हात दोन वर्षांत बाकी सगळं विसरला होता. मामाजींचा गुडघा दुखत असणार, पण जागचे हलले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले.