कोरी न मिळणारी तबकडी

नांदेडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर ताटाएवढी चंदेरी तबकडी टांगली होती. तिला आरसा समजून मी उरलेसुरले केस विंचरले.

"आरसा न्हाई, लेझर डिस्क हाय ती. पिक्चर हाय तिच्यात, साहेब," म्हातारे मेकॅनिक न हसता म्हणाले.

आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट बुरशीनं चिकटली होती. माझ्या दिवंगत सासऱ्यांचं हलतं चित्र तेवढ्यातच उरलं होतं. मेकॅनिक कापसाच्या बोळ्यानं फीत पुसत होते, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी. तबकडीवरून परतलेलं ऊन त्यांच्या गालावर सात रंगांत तरंगत होतं.

"कॅसेटपेक्षा हिचं चित्र लई साफ," ते म्हणाले.

"मग चालली का नाही?"

"कोरी मिळायची न्हाई ना! घरी काही भरता येत नव्हतं. लोकांना पिक्चरपेक्षा आपलं लगीन बघायचं होतं."

पुसलेली कॅसेट त्यांनी व्हीसीआरमध्ये सरकवली. थोड्या वेळानं टीव्हीवरच्या मुंग्या पांगल्या आणि त्यांतून सासरे हळूहळू वर आले. अक्षता हातात धरून ते नवरदेवाकडे, म्हणजे माझ्याकडे, टक लावून पाहत होते.

पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेलं ते लग्न घरी बायकोनं तीनदा पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाली, "बघा की, बाबा अजून विचारच करून राहिले, पोरगी द्यावी का न्हाई."