हलव्याचा लांब हार

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, टीव्हीवरची रडारड चालत नाही. सासू-सुनांचं भांडण लागलं की त्या उठून शेंगा फोडायला जातात. त्यांना आवडतं ते आकाशयान. माझ्या नातीनं एकदा लावून दिलेली परदेशी मालिका, हिंदीत बोलणारी. यान या ग्रहावरून त्या ग्रहावर जातं आणि दर भागात काहीतरी भानगड होते. दुपारची भांडी आवरली की आम्ही दोघी पुढं बसतो. भवानी पेठेत आमच्या वयाच्या बायका या वेळेला पोथी वाचतात, आम्ही अंतराळात असतो.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात एक भाग लागला. यानावरची चार मोठी माणसं कसल्याशा निळ्या धुक्यातून जातात आणि पलीकडं निघतात ती लहान पोरं होऊन. अंगावर कपडे तेच, बाह्या लोंबतायत, बूट पायातून निसटतायत. डोकं मात्र जुनंच. यानाची मुख्य बाई, चांगली पिकल्या केसांची, ती झाली पाच वर्षांची चिमुरडी. काय सांगू तुम्हाला, त्या पोरीनं काम केलंय बघा. हुकूम देताना हनुवटी बाईसारखीच वर, आणि खुर्चीत टेकताना हात हळूच गुडघ्यावर.

मी म्हटलं, "आता कुठला गुडघा दुखतोय हिचा?"

"दुखत न्हाय वो वैनी. पण इतक्या वर्षांची सवय. अंग बदललं म्हणून हात लगेच ऐकतोय व्हय?"

एक अधिकारी त्या पोरीला म्हणतो, बाळ, जा, खेळ जा. ती थंडपणे म्हणते, मी तीच आहे, माप तेवढं बदललंय. आम्ही इतक्या हसलो की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. शेवटी डॉक्टरला उपाय सापडतो. पण बाई म्हणते, थांबा जरा. एरवी मी एकटी वेगळ्या टेबलावर जेवते, आज पोरांच्या पंगतीत बसून घेते. इथं मी हसले, वन्सं हसल्या नाहीत. टरफलं गोळा करत राहिल्या.

वन्संचं सांगायचं तर, लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि त्या माहेरी, आमच्या घरी, परत आल्या. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवण्यात उमर गेली. पण त्यांच्या हाताची खरी कमाल हलव्याच्या दागिन्यांत. संक्रांतीला गल्लीत कुणाच्या लेकराचं बोरन्हाण असो, काळं झबलं वन्संनी शिवायचं, मुकुट, वाक्या, हार वन्संनी करायचे. पांढरा हलवा दोऱ्यात असा गुंफतील की सराफानं बघत राहावं. आणि एवढं करून, लेकरू पाटावर बसलं, बायका जमल्या, की वन्सं दागिन्यांचं ताट दारातून माझ्या हातात देणार आणि आत जाणार.

मी दर वर्षी म्हणायची, "या की बाहेर."

"चहा बघते. लेकराचा दिवस हाय, कुणाच्या मनात काय यील, कशाला उगं?"

या वर्षी बोरन्हाण होतं शेजारच्या अम्माच्या नातवाचं. त्यांच्या घरात चादरींचे माग, बोली तेलुगू. त्यांच्यातही भोगीला लेकरांच्या डोक्यावरून बोरं ओततात, त्यामुळं आमच्या पुढच्या खोलीत दोन्ही घरांचं एकत्रच होतं. आदल्या दिवशी वन्सं दागिने करत बसलेल्या. बघते तर हार गुडघ्यापर्यंत लोंबतोय.

"हा कुणाला वो? लेकरू गुरफटून पडंल ह्यात."

"लेकराचा तिथं ताटात हाय."

"मग हा?"

"निळ्या धुक्यातनं आलेल्या पोरीचा." मान वर न करता म्हणाल्या. जरा वेळानं म्हणतात, "वैनी, पाच वर्षांची होते तवा मला कुणी आत बसवलं न्हवतं. ह्या संक्रांतीला मी पाच वर्षांची हाय. कुणी इचारलं तर सांगा, माप बदललंय."

म्हणताना हसत होत्या. पण दाराशी पाय वाजले तसा हार पदराखाली सरकवला. तेव्हा मला कळलं की ही थट्टा नाही, आणि उद्या त्या बाहेर येतील का आतच राहतील हे त्यांचं त्यांनाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. लेकरू मुकुट घालून पाटावर, आजूबाजूला गल्लीतली पोरं टपून बसलेली. अम्मानं बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे लेकराच्या डोक्यावरून ओतले आणि एकच झोंबाझोंबी झाली. तेवढ्यात वन्सं आल्या. काळी साडी, गळ्यात तो लांब हार. आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या. हात चौकटीला. मला त्या पोरीचा गुडघ्यावरचा हात आठवला. बायकांच्या माना वळल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अम्मानं हारावरून नजर फिरवली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ.

"ही कोण पोरगी? सगळ्यात उशिरा आली की," अम्मा म्हणाली, आणि लेकराला कडेवर घेऊन रिकाम्या पाटावर थाप मारली. "रा अम्मा, कूर्चो." ये बाई, बस.

वन्संनी चौकट सोडली नाही. "ऊस हाय का शिल्लक? का सगळा ह्या पोरांनी संपवला?"

"हाय हाय. तुझ्यासाठी ठेवलाय."

मग त्या आल्या. गुडघ्यावर हात टेकून पाटावर बसल्या, त्यांचा गुडघा खरंच दुखतो. अम्मानं लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं आणि दोघांच्या डोक्यावरून भरलं माप ओतलं. पोरं आजीच्या अंगावरचं वेचायला बिचकली, तर वन्संनीच उसाचा पहिला तुकडा उचलून तोंडात टाकला. लेकरानं त्यांचा हार दोन्ही मुठींत धरला आणि चोखायला लागलं.

"सोड रे," वन्सं म्हणाल्या, "तुझा तुझ्या गळ्यात हाय की. हा माझा."