प्रणालीसाठी मी निवडलेला लॅपटॉप

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुला सांगतेय, कारण — कारण काही नाही. ऐक फक्त.

प्रणाली माझी मामेबहीण. मामा उलव्याचा, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. आम्ही पनवेलात फ्लॅटमध्ये, त्यात मी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला — म्हणजे मामाच्या घरात माझा शब्द शेवटचा. मोबाईल घ्यायचाय, मला विचारा. टीव्हीवर चॅनल दिसत नाही, मला बोलवा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

दोन हजार दहाच्या सुमारास प्रणालीला आर्किटेक्चरला अॅडमिशन मिळाली. मलाही तेच करायचं होतं. माझे मार्क कमी पडले आणि मी बी.कॉम. करून पळस्प्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं टाइप करत बसले होते. ती पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले, अभिनंदन केलं. आतून नुसती जळत होते.

तर लॅपटॉप. मामा म्हणाला, "आमाला त्यातला काय कलतं? तूच बग. सस्ता असू दे, पन पोरीचा काम झाला पायजे."

तेव्हा ते छोटे लॅपटॉप नवीन निघाले होते — वहीएवढे, हलके, स्वस्त. दुकानदाराने विचारलं, शिकणार काय? प्रणाली तोंड उघडायच्या आत मीच बोलले — टायपिंग, प्रोजेक्ट, इंटरनेट, बस. आर्किटेक्चर हा शब्द मी काढलाच नाही. काढला असता तर त्याने दुसरा दाखवला असता, मामाला परवडेल असा जुना का होईना. ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं या छोट्यावर चालायची नाहीत, हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. प्रणालीला त्याचं लाल झाकण आवडलं. पसंत नाही पडला तर आठवडाभरात बदलून देईन, असं दुकानदार म्हणाला.

दोन-तीन दिवसांनी मन खायला लागलं. सांगून टाकू, म्हणून उलव्याला गेले. बघते तर लॅपटॉप देवापुढे पाटावर, झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचा हार. नव्या गाडीची करतात तशी पूजा — नारळसुद्धा फोडलेला. मामीने प्रसादाचं खोबरं पहिलं माझ्या हातावर ठेवलं आणि शेजारणींना सांगितलं, हिनंच निवडलाय. मी खोबरं चावत राहिले.

पूजा झालेली वस्तू परत कशी करायची? — अशी मीच मनाची समजूत घातली. तसं त्या घरात कुणीच म्हटलं नव्हतं. मामाने कुंकू पुसून निमूट बदलून आणला असता.

पुढच्या वर्षी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर आलं. लॅपटॉप अडकायचा, बंद पडायचा. ती मला फोन करायची. मी काय सांगायचे? बंद करून चालू कर. सॉफ्टवेअर नीट शिकून घे. कॉलेजच्या लॅबमध्ये हिचा नंबर लागेपर्यंत घरी यायची बस निघून जायची. सबमिशन राहू लागली. लॅपटॉपला नावं ठेवणं तिला जमलंच नाही — तो ताईने निवडलेला ना! मग चूक कुणाची? तिचीच.

नापास होऊन एक वर्ष वाया गेलं. मग कॉलेजच सुटलं. मला बरं वाटलं का? — थोडं वाटलं. बोलताना लाज वाटतेय, पण वाटलं.

आता ती उरणला असते, सासरी. लहान मुलांच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी एका हळदीला भेटलो, तिथे कुणीतरी तिच्या कॉलेजचा विषय काढला. ती हसली. "ताईनं लॅपटॉप पन निवडून दिला व्हता. माजा डोकाच नाय चालला, ताई तरी काय करील?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले — असू दे गं, सगळ्यांनाच नाही जमत.