काठी रिंगणात होती

पहिला दिवस : १९७८ सालच्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार. स्थळ, पूर्णा ठेसनामागचे हॉकीचे मैदान. जबाबदार इसम तीन. एक, पेठेच्या संघाचे तेव्हाचे कप्तान आणि आज हॉकी समितीचे अध्यक्ष असलेले आबासाहेब. दोन, ठेसनाच्या संघाचे कप्तान, जे पुढे बदली होऊन गेले आणि आता हयात नाहीत. तीन, निवडीची वही लिहिणारा इसम, म्हणजे प्रस्तुत लेखक. दुसरा दिवस एक नाही, त्यानंतरच्या पंधरा वर्षांतला तोच रविवार आहे, जबाबदार तेच. तिसरा दिवस : यंदाच्या संक्रांतीनंतरचा दुसरा गुरुवार. स्थळ, चुडावा. त्या दिवशी सकाळी यशवंत वाव्हळे मास्तर किडनीच्या आजाराने गेले. या एका बाबतीत माझा कुणावरही आरोप नाही. चौथा दिवस : त्यानंतरचा शनिवार, समितीची शोकसभा. जबाबदार, पुन्हा आबासाहेब. हे लिहिण्याची वेळ माझ्यावर चौथ्या दिवसाने आणली.

बातमी मला रफीकभाईंच्या हॉटेलात कळली. रफीकभाई एके काळचे आमचे गोलकीपर, आता ठेसनासमोर चहा विकतात, आणि गावातल्या हॉकीच्या सगळ्या वादांचे ते कायमचे न्यायपीठ. मास्तरांच्या शाळेतले एक शिक्षक सकाळच्या गाडीने चुडाव्याहून आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "मास्तर गेले." रफीकभाईंनी गाळणे तसेच भांड्यावर धरून ठेवले. मग म्हणाले, "पेशकार, अर्जाचं काय हुईल आता?" मी परभणीच्या कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे प्रकरणांचे कागद ठेवणारा कारकून होतो; निवृत्त होऊनही गाव मला त्याच नावाने हाक मारते. माणूस गेल्याच्या बातमीवर अर्जाची चौकशी करणे कुणाला विचित्र वाटेल. आम्हाला वाटले नाही. ज्यांनी मास्तरांना पाहिले आहे त्यांनाही वाटणार नाही.

अर्ज कसला होता ते समजण्यासाठी आमच्या गावची रीत सांगितली पाहिजे. पूर्णेत हॉकीचे दोन संघ, पेठ आणि ठेसन. पण कोणता खेळाडू कोणत्या संघाचा, हे त्याच्या घरावरून किंवा नोकरीवरून ठरत नसे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मैदानात चुन्याचे रिंगण आखायचे. ज्याला त्या वर्षी खेळायचे असेल त्याने आपली काठी रिंगणात ठेवून बाहेर उभे राहायचे. दोघे कप्तान नाणेफेक करून पाळीपाळीने एकेक काठी उचलणार. ज्याची काठी ज्याने उचलली तो वर्षभर त्याचा. संख्या विषम असेल तर उरलेली काठी गतवर्षी हरलेल्या संघाकडे जाई. याला दोन नियम होते, लिहिलेले नव्हते, पण आमच्या वडिलांच्या काळापासून पाळलेले. रिंगणात ठेवलेली काठी जमिनीवर राहू द्यायची नाही. आणि मालकाने आपली काठी स्वतः उचलायची नाही. उचलली तर त्याने नाव मागे घेतले असे समजायचे. या निवडीवर गाव वर्षभर वाद घाली. अमक्या साली पहिली काठी फुलबॅकची उचलली तिथेच सामना गेला; तमका सिकंदराबादला बदलून गेला तो पेठेने तिसऱ्या पाळीपर्यंत थांबवून ठेवला म्हणून रुसून गेला; पाथरीला सासऱ्याच्या दुकानात बसलेला लेफ्ट इन आज असता तर... असे हे वाद रफीकभाईंच्या बाकांवर चालत. गेलेल्या खेळाडूंची नावे तिथे हजर असल्यासारखी घेतली जात.

यशवंत वाव्हळे चुडाव्याच्या शाळेत मास्तर. रोज संध्याकाळच्या पॅसेंजरने खेळायला येत आणि परतीच्या गाडीने जात. सेंटर हाफ. धावपटू नव्हते, अंगाने बारीक, पण चेंडू कुठे येणार हे त्यांना चेंडूच्या आधी समजे. सलग चार वर्षे त्यांची काठी पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीत उचलली गेली होती. ती चारही पाने माझ्या अक्षरात आहेत.

मग अठ्ठ्याहत्तर साल आले. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या गावागावांत काय जळले, ते मी इथे नव्याने सांगणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना आठवते आणि ज्यांनी केले त्यांना अधिक चांगले आठवते. नामांतराच्या बाजूने निघालेल्या मोर्चात मास्तर होते. लपून नव्हते, पुढच्या रांगेत होते. दिवाळीनंतरच्या रविवारी नेहमीप्रमाणे आले, काठी रिंगणात ठेवली आणि रेषेबाहेर उभे राहिले. एकेक काठी उचलली जाऊ लागली. पहिल्या पाळीत नाही, दुसऱ्या पाळीत नाही. पाचव्या पाळीला प्रेक्षकांतले बोलणे थांबले. शेवटी रिंगणात एकच काठी उरली. रिवाजाने ती गेल्या वर्षी हरलेल्या पेठेची होती. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिले, ठेसनाच्या कप्तानाकडे पाहिले, आणि दोघेही रिंगणाबाहेर आले.

रफीकभाई ओरडले, "आबासाहेब, एक राह्यली."

आबासाहेब म्हणाले, "खेळात राजकारण नको."

मास्तर तिथूनच शांतपणे म्हणाले, "मी तर काठी आणली. राजकारण कुनी आणलं?"

त्यांनी आपली काठी उचलली नाही. तिथे उभ्या असलेल्या कितीजणांना याचा अर्थ कळला मला माहीत नाही, मला कळला. उचलली असती तर नाव मागे घेतल्यासारखे झाले असते. ते रिकाम्या हातांनी गाडीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या गाडीसाठी मी मैदानातून निघालो तेव्हा काठी तिथेच होती, दहिवराने ओली. तिसऱ्या दिवशी नव्हती. कुणी नेली ते आजतागायत कळले नाही, आणि मास्तरांनी कधी विचारले नाही.

आता माझा गुन्हा. वही माझ्या मांडीवर होती. सगळी नावे लिहून झाल्यावर आबासाहेबांनी विचारले, "पेशकार, मास्तरपुढं काय लिवायचं?" मी क्षणभरही विचार केला नाही. उभी नोकरी कोर्टात गेली होती. म्हणालो, "नाकारला असे लिहिले तर कारण नमूद करावे लागेल. गैरहजर लिहू. त्याला कारण लागत नाही." पक्षकार दाराबाहेर उभा असताना पुकारा हळू करून प्रकरण गैरहजेरीत निकाली काढल्याचे मी अनेकदा पाहिले होते, आणि दर वेळी मनात संतापलो होतो. तोच शहाणपणा मी त्या दिवशी फुकट देऊन बसलो. आबासाहेबांनी शेऱ्याखाली सही केली. शब्द माझा, अक्षर माझे, सही त्यांची.

त्याच आठवड्यात मास्तर माझ्या घरी आले. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पेशकार साहेब, एक अर्ज लिहून पायजे."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याच. पन तुमच्याइतका चांगला अर्ज तालुक्यात कुनी लिहीत न्हाई, त्याला मी काय करू?"

आत माझी पत्नी हसली आणि तिने चहाचे आधण ठेवले. मी मसुदा केला. त्यांनी तो मुलाची वही तपासावी तसा तपासला. 'नम्र विनंती' हे शब्द लाल पेन्सिलीने खोडले. "विनंती कशाला? दुरुस्ती मागायलोय, मेहेरबानी न्हाई." मग त्यांनी विचारले, "गैरहजर हा शब्द सुचला कुनाला?" मी म्हणालो, "मला." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. मग अर्जात तेबी लिवा." मी लिहिले. माझ्याच विरुद्धचा, माझ्याच कबुलीचा अर्ज मी माझ्याच हाताने समितीला दिला. आमची मैत्री त्या अर्जापासूनची आहे.

समितीचे उत्तर तीन ओळींचे आले. नोंद लेखनिकाने केली असून त्यात समितीचा संबंध नाही. नोंदीत बदल फक्त अध्यक्षांच्या सहीने होऊ शकतो. अध्यक्षांना तशी आवश्यकता वाटत नाही. मी आयुष्यभर निकालपत्रे वाचली; इतक्या कमी शब्दांत इतका परिपूर्ण नकार क्वचितच वाचला असेल. त्यानंतर दर वर्षी अर्ज गेला. उत्तर पुन्हा आले नाही.

आणि दर वर्षी त्या रविवारी मास्तर आले. पुन्हा काठी ठेवली नाही, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिली अजून उचलायची बाकी होती. रेषेबाहेर उभे राहत. शेवटची काठी उचलली गेली, वहीत शेवटचे नाव लिहिले गेले, की स्वच्छ आवाजात एक शब्द उच्चारत : "हजर." आणि गाडीला जात. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी पोरांनी नाव ठेवले, हजर मास्तर. "आलं बघा हजर मास्तर, आता निवड कायदेशीर झाली." पाच-सहा वर्षांनी हसणे आपोआप बंद झाले. नंतर नंतर तर शेवटच्या काठीनंतर मैदान त्या शब्दासाठी थांबू लागले, कप्तानांसकट. आबासाहेब मात्र त्या वेळी नेमके बुटाची नाडी बांधायला वाकत.

वही आणखी दोन वर्षे माझ्याकडे होती. रफीकभाई एकदा म्हणाले, "पेशकार, वही तुमच्याच कपाटात हाय ना? खोडा की गपचूप. कोन बघायलंय?" मी खरे सांगतो, मला मोह झाला. मास्तरांनी मान हलवली. "चोरून न्हाई. चारचौघात लिवलं, चारचौघात खोडा." म्हणून मी तो शेरा खोडला नाही, आणि वही समितीला परत केली.

कुणी असे समजू नये की हा माणूस कडवट होऊन जगला. हॉटेलातल्या वादात त्यांच्याइतका रस कुणाला नव्हता. कोणत्या साली कोणती काठी कितव्या पाळीत उचलली, हे त्यांना माझ्या वहीपेक्षा पक्के माहीत. माझ्या मेहुण्याला ठेसनाने एकदा पहिल्या पाळीत उचलले होते; त्यावरून मला त्यांनी दहा वर्षे छळले. "तुमच्या मेहुण्याला चेंडू दिसायचा, पेशकार, पन गेल्यावर." स्वतःच्या बाबतीत मात्र ते वाद होऊ देत नसत. कुणी हळहळून म्हणाला, "मास्तर, अठ्ठ्याहत्तरला तुमी असता तर..." की त्याचे वाक्य तिथेच तोडत. "मी होतो. पुढं बोला."

शेवटची भेट यंदा संक्रांतीनंतर, चुडाव्याला त्यांच्या घरी झाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव नुकतेच लागले होते. मास्तरांचे पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. पत्नी कौसल्याबाई उशाशी बसल्या होत्या. रफीकभाईंनी सोबत आणलेले पेढे मास्तरांच्या हातात दिले आणि म्हणाले, "मास्तर, विद्यापीठाचं झालं. आता तुमचंबी हुईल." मास्तर हसले. "विद्यापीठाला सोळा वर्षं लागली, रफीकभाई. आपली वही शंभर पानांची हाय. जरा लवकर व्हायला पायजे हुतं." कौसल्याबाई म्हणाल्या, "लय बोलू नका." निघताना मास्तरांनी माझा हात धरला. मला वाटले काही मोठे सांगतील. ते म्हणाले, "यंदाच्या अर्जात 'विनंती' घालू नका. मी नसलो की तुमी मऊ पडाल." त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले.

आता चौथा दिवस. समितीने शोकसभा घेतली. आबासाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की वाव्हळे मास्तरांसारखा सेंटर हाफ पूर्णेला पुन्हा मिळणार नाही. त्यांनी आमच्या संघासाठी आयुष्य वाहिले, असा ठराव त्यांनीच मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. दोन मिनिटे शांतता झाली. शांतता संपल्यावर मी उभा राहिलो आणि विचारले, अध्यक्ष महाराज, हा ठराव ज्या कपाटात राहणार त्याच कपाटात वही आहे, तिच्यातल्या शेऱ्याचे काय? आबासाहेब म्हणाले, "पेशकार, ही येळ न्हाई." सभेत काही जणांनी माना डोलावल्या. माणूस जिवंत होता तेव्हा पंधरा वर्षे वेळ नव्हती. मेल्यावर ती निघून गेली. मग ती नेमकी केव्हा होती, हे तरी समितीने कळवावे. कौसल्याबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. ठरावाची प्रत त्यांच्या हातात देऊ केली गेली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "ह्याच्याबरोबर ते पानबी आणा. दोन्ही एकदम घेते."

म्हणून, आबासाहेब, हे पत्र आपल्याला आहे आणि वाचकांना साक्षीदार म्हणून आहे. माझा दोष मी वर लिहून दिला आहे, त्यातून मला सूट नको. आपल्या दोन सह्या दोन कागदांवर आहेत. एका कागदावर मास्तर गैरहजर आहेत, दुसऱ्यावर त्यांनी संघाला आयुष्य वाहिले आहे. दोन्ही खरे असू शकत नाहीत. एक तर ठराव मागे घ्या आणि तो का मागे घेतला ते सांगा. नाही तर पुढच्या निवडीच्या रविवारी वही मैदानात आणा, सगळ्यांसमोर तो शेरा खोडा, त्याच्या जागी 'नाकारला' असे लिहा, आणि १९७८ साली जे कारण द्यावे लागू नये म्हणून मी आपल्याला पळवाट दिली, ते कारण त्यापुढे आपल्या हाताने लिहा. या दोन्हींपैकी आपण काय करणार, याचे उत्तर हवे आहे. ते निरोपाने धाडू नये, आणि टपालाने आलेले पाकीट मी फोडणार नाही. ते इथे, वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या पूर्ण नावानिशी द्यावे.