उविन्झाचं कडेचं दार

झुहुराबाईंना सोमवारपासून एकाच काळजीने घेरलं होतं. तौसी आपल्या हाताने आपली नोकरी घालवणार. किगोमा बंदराजवळच्या उजीजीतल्या शाळेत फळ्यावर भागाकार मांडताना, बाजारात मासळीचा वाटा उचलताना, अगदी नमाजाला उभं राहतानासुद्धा ती काळजी खांद्यावर येऊन बसायची. मुलगी तिशी ओलांडलेली, लग्नाचं नाव नाही, इतकी वर्षं लोकांच्या खिडक्यांना जाळ्या जोडून पोट भरलेली. आता कुठे सरकारी कामाला लागली होती. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर पिवळी टोपी, छातीवर नावाची पट्टी. आणि हे सगळं ती एका दारापायी सोडायला निघाली होती.

दार ‘उविन्झा’ बोटीचं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरावर आणलेली ही तोफनौका. दोनेक वर्षं ती लढली असेल. मग इंग्रजांनी ती पकडली, तोफ उतरवली, बाकं बसवली, आणि तिथून पुढे जवळजवळ नव्वद वर्षं तिने किगोमापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत माणसं, बकऱ्या, सुकी मासळी आणि पामतेलाचे डबे वाहिले. थकल्यावर ती कितीतरी वर्षं बंदरात गंजत पडली होती. शेवटी सरकारने तिला पाण्याबाहेर ओढून गोदीत घेतलं, जपायचं ठरवलं, आणि एक वारसा समिती नेमली. समितीच्या साहेबांनी बोटीचा जुना जर्मन नकाशा टेबलावर पसरला आणि सांगितलं की बोट पुन्हा या नकाशासारखी झाली पाहिजे. करडा रंग, पुढे नकली तोफ, आणि नंतरच्या लोकांनी कुशीत कापलेलं ते दार पत्रा लावून बंद. पत्रा वेल्डिंगने जोडायचं काम तौसीकडे आलं. तिने सांगितलं, वेल्डिंग करणार नाही, हवं तर बोल्टने बसवून देते.

झुहुराबाईंना ते दार काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांना धक्काच नाही. उविन्झा खोल पाण्यात थांबायची, भोंगा द्यायची, आणि गावातून होड्या वल्हवत तिच्या कुशीला जाऊन भिडायच्या. फार पूर्वी दोराच्या शिडीने वर चढावं लागे, आणि त्या शिडीने बरेच बळी घेतले. तेव्हा कुणीतरी शहाणपण करून पाण्यापासून कमरेइतक्या उंचीवर लोखंड कापलं आणि दार केलं. त्या दारात लुगोम्बा नावाचा एक धिप्पाड माणूस उभा असायचा. होडी लाटेवर वर आली की तो हात पुढे करायचा. आधी बाळ, मग बाई, मग बोचकं, असा त्याचा क्रम होता आणि तो कुणासाठीच बदलायचा नाही. एकदा एका मामलेदाराने आपली पेटी आधी पुढे केली, तर लुगोम्बाने ती पुन्हा होडीत ठेवून दिली म्हणे.

किनाऱ्यावरचं कालुबे हे झुहुराबाईंचं सासर. तौसी चाळीस दिवसांची झाली आणि त्या शाळेत रुजू व्हायला निघाल्या, तेव्हा नणंद सिकुजुआने त्यांना होडीतून आणलं होतं. त्या दिवशी सरोवर खवळलेलं होतं. झुहुराबाईंनी बाळ वर दिलं, लुगोम्बाने ते छातीशी धरलं, आणि त्याच क्षणी लाटेने होडी बाजूला फेकली. बाळ बोटीवर, आई होडीत, मध्ये काळं पाणी. सिकुजुआ वल्हं मारत होती आणि वर बघून ओरडून विचारत होती की आता ही रडकी भावजय पण ठेवून घेता का फुकट. दुसऱ्या दोन होड्यांची पाळी उरकल्यावरच झुहुराबाई वर चढल्या. आत गेल्या तर दाराजवळ एक जुनं शीड घडी करून टाकलेलं, आणि त्यावर बाळं ओळीने निजवलेली. त्यांनी आपल्या निळ्या कांगात, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या छापील कापडात, बांधलेलं बाळ उचललं, वरच्या डेकवर नेलं, दूध पाजायला घेतलं. बाळाने कांगा भिजवला तेव्हा कळलं की तो मुलगा आहे. त्या वर्षी किनाऱ्यावरच्या निम्म्या बायकांकडे तोच निळा कांगा होता. धावत खाली आल्या तर तौसी शिडावर आपली मूठ चोखत पडलेली. तेव्हापासून सिकुजुआ भेटेल तिथे सांगते, “आमची वहिनी कॉलेज शिकलीय बरं का. फक्त स्वतःचं पोर ओळखत नाही.”

तौसी वाढली ती उजीजीत, पण सुट्टी लागली की कालुबेला आत्याकडे, आणि जायचं तर उविन्झानेच. बाकीची मुलं वरच्या डेकवर पळायची. ही मात्र खाली दाराशी बसून लुगोम्बाचे हात बघायची. शाळा संपल्यावर झुहुराबाईंनी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली, तर हिने परस्पर वेल्डिंगच्या शाळेत नाव घातलं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. गल्लीतल्या बायका विचारायच्या, भुवया जळालेल्या पोरीला नवरा कोण देणार. तौसी सांगायची की मला दोन भुवया पुरेशा आहेत, नवऱ्याच्या त्याच्याजवळ असू द्यात. झुहुराबाईंना ते ऐकून हसू यायचं, आणि मग त्या मागच्या खोलीत जाऊन काळजी करायच्या.

तिच्या हाताची कीर्ती हळूहळू पसरली. तिने बसवलेलं फाटक कधी कुरकुरलं नाही. पण तिची एक खोड होती. जे पुढे काढता येणार नाही ते ती बसवायचीच नाही. आईच्या घराच्या खिडकीला तिने जाळी केली तीसुद्धा आतून बोल्ट लावून. झुहुराबाई म्हणाल्या, अगं, चोरांचे दिवस आहेत, पक्की जोडून टाक. तौसी म्हणाली, “चोर आत येऊ नये एवढंच बघतेस आई. आग लागली तर तू बाहेर कुठून येणार?” त्या रात्रीपासून झुहुराबाईंना चोरांच्या जोडीला आगीचीही भीती वाटू लागली.

उविन्झावर ती लागली त्याला आता वर्ष होत आलं होतं. जुने पत्रे रिव्हेटने, म्हणजे तापवून ठोकायच्या खिळ्यांनी, जोडलेले, आणि ते काम जाणणारी माणसं उरली नव्हती. पहिल्या महिन्यात तिने इतके रिव्हेट वाकडे ठोकले की लोकांनी तिला ‘वाकडीबाई’ म्हणायला सुरुवात केली. तिने ते वाकडे रिव्हेट गोळा करून घरी आणले, अंगणात निखारे पेटवून शुक्रवारचे शुक्रवार सराव केला. आता गोदीत तापलेला रिव्हेट कुणी फेकला तर ती न बघता डब्यात झेलते. हातातली छोटी हातोडी पत्र्यावर टक टक मारत परांचीवरून चालत जाते. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, आतून खाल्लेला बद्द. जिथे ती खडूने फुली मारते तिथे खरवडलं की गंजाचे पापुद्रे हातात येतात. काढलेला प्रत्येक तुकडा ती पुसून, तेल लावून ठेवते. लोखंडाशी ती जितकी हळुवार वागते तितकी माणसांशी वागली असती, असं झुहुराबाईंना अनेकदा वाटायचं. पण अभिमानही वाटायचा, आणि तो त्या कुणाजवळ बोलून दाखवत नसत.

बुधवारी गोदीचे मुकादम काबोना शाळेच्या फाटकाशी येऊन थांबले. माणूस वाईट नव्हता. टोपी हातात धरून बोलत होता.

“तौसीच्या आई, तुम्ही समजवा तिला. साहेब म्हणतात, जोडत नसेल तर दुसरा बघा. मला तिच्यासारखा कान असलेलं माणूस मिळायचं नाही.”

झुहुराबाईंनी विचारलं की दार तसंच राहिलं तर बोटीचं काय बिघडतं.

“बिघडत काही नाही हो. पण लोक लांबून येणार ते तोफ बघायला. प्रवासी बोट बघायला कोण येतंय? अर्धा किगोमा तिच्यावर ओकलाय.” मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की शनिवारी समिती नगरपालिकेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. त्याआधी पत्रा जोडून झाला तर प्रश्नच मिटला, तौसीला कायम करायचं ते स्वतः बघतील. त्यांनी आपला नंबर दिला. तिला समजवलंत की फोन करा, म्हणाले.

गुरुवारी झुहुराबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मक्याच्या पिठाची उगाली, पामतेलातली मासळी असा डबा घेऊन गोदीत गेल्या. तौसीला दाराच्या कामावरून काढून बोटीच्या पोटाखाली गंज खरवडायला लावलं होतं. तिचा चेहरा तांबूस धुळीने माखला होता.

“काबोनांनी पाठवलं?” तिने विचारलं.

“डबा द्यायला आले.”

“रजा टाकून डबा? बरं, जेवते आणि ऐकते. बोल.”

झुहुराबाईंनी ठरवून आणलेलं सगळं सांगितलं. वय, घर, म्हातारपण, कायमची नोकरी. एकटीने आपलं डोकं कुठेकुठे आपटणार, हेही. तौसी शांतपणे जेवत होती. बोटं चाटून झाल्यावर म्हणाली, “मी नाही म्हणाले नाही, आई. बोल्टने बसवते म्हणाले. वेल्डिंग केलं की दाराच्या कडा जळून जातात. उद्या कुणाला वाटलं की उघडावं, तर हे दार परत मिळणार नाही. नुसतं भोक पाडता येईल.”

“पण नकाशात नाहीच ते दार.”

“नकाशावर त्याला ‘नंतरची भर’ लिहिलंय. मग तू, मी, आत्या, आपण सगळीच नंतरची भर.”

झुहुराबाईंनी म्हटलं की हेच जाऊन शनिवारी सांग. तौसीने मान हलवली. कामगार बोलली तर ती कामगाराची कुरकुर, माणसं जमवली तर फूस लावली म्हणणार. त्या दारातून चढलेल्या माणसांनी आपणहून यायला हवं होतं, आणि किनाऱ्यावर कुणाला सभेचा पत्ताच नव्हता. सभागृहात बोलायला नावं दिली होती ती दोन हॉटेलवाल्यांनी आणि तोफेच्या प्रेमात पडलेल्या एका निवृत्त सुभेदाराने.

“तुला बोलायला सांगत नाहीये हं,” ती म्हणाली. “तू घाबरतेस, मला माहीत आहे. चल, आत आलीच आहेस तर एक विचारायचंय.”

तिने आईच्या डोक्यावर एक पिवळी टोपी ठेवली आणि तिला हाताला धरून परांचीवरून आत नेलं. दार आतून पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसत होतं. तौसीने रंगाचे थर उतरवले होते, आणि उंबऱ्याचं लोखंड मधोमध खोलगट झिजलेलं होतं. दाराच्या एका अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, एक जाड कडी होती.

“ही कशाला? वरचा दांडा धरायला, ते कळतं. पण इतकी खाली कडी कशाला ठोकली असेल? काबोनांनाही सांगता येईना.”

झुहुराबाईंना लगेच आठवलं. लुगोम्बाच्या कमरेला दोर असायचा, आणि त्याचं टोक या कडीला. सगळ्यांना वाटायचं तो पडू नये म्हणून. त्याने एकदा हसत सांगितलं होतं की दांडा धरायला एक हात गेला तर बाळाला एकच हात उरतो. म्हणून स्वतःला बोटीला बांधून घ्यायचं आणि दोन्ही हात बाहेर काढायचे. त्यांनी हे तौसीला सांगितलं. तौसी कडीवरून अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, “मला घेतलं तेव्हाही बांधलेला होता?”

“होता. नाहीतर त्या लाटेत तू आणि तो दोघंही गेला असतात.”

त्या लाटेची भीती झुहुराबाईंनी आजवर अनेकदा आठवली होती, दोर कधी आठवला नव्हता. खालून कुणीतरी वाकडीबाईला हाक मारली. तौसीने आईला टोपी नीट कर म्हणून सांगितलं, डबा हातात दिला आणि पुन्हा गंज खरवडायला उतरली. तिची टक टक बाहेरपर्यंत ऐकू येत होती.

फाटकाबाहेरच्या आंब्याखाली झुहुराबाई बसल्या. काळजी कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. शनिवारी समितीपुढे उभं राहून बोललं की साहेबांना आडनाव कळणार आणि तौसीवर डूख धरला जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण ती कडी नकाशात नव्हती, मुकादमांना माहीत नव्हती, आणि उद्या वेल्डिंगच्या मागे गेली की ती काय होती हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं. एकट्या एका शिक्षिकेचं म्हणणं समिती चहाबरोबर गिळून टाकेल. किनाऱ्यावरच्या बायका हव्या होत्या, ज्यांनी आपली बाळं त्या दारातून आत दिली होती. त्यांना जमवू शकेल असं तोंड सगळ्या सरोवरावर एकाच बाईला होतं, आणि तिला सभेबद्दल अजून काही माहीत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून फोन काढला. काबोनांना काय सांगायचं ते सभागृहात सांगता येईल. कालुबेहून होड्या शुक्रवारी पहाटेच सुटायला हव्या होत्या, तरच बायका शनिवारच्या सभेला पोचणार. म्हणजे सिकुजुआला फोन आत्ताच करायला हवा होता. झुहुराबाईंनी तिचं नाव शोधलं.