गणेशपट्टीखालची सोयरीक

माझ्या बहिणीच्या दोन सोयरिकी मोठेबाबानं मोडल्या होत्या. मोठेबाबा म्हंजे बाबाचे थोरले भाऊ. त्यांच्या शब्दाबाहीर घरात पानही हालत नसे. एका पोराचं नाक त्याईले वाकडं दिसलं. दुसऱ्याच्या मामाच्या अंगात आमच्यासमोरच देव आला. तिसऱ्या पोराचं घर पाहाले निंगालो तवा बहीण माझा हात धरून म्हणे, "हे मोडलं तं मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही. अन तू तिथं कोणाची नक्कल नोको करजो."

मागच्या वेळी मी त्या मामाचं घुमणं त्याच्याच अंगणात करून दाखवलं होतं, म्हून.

बंडीनं फुलसावंगीकडं गेलो. बाबा, मोठेबाबा अन मी. बुद्धाची दीक्षा घेतल्याले तीनक वर्सं झालती. मोठेबाबानं घरचे सारे देव टोपल्यात घालून नदीत सोडले होते. तवापासून कोणाच्या भिंतीत देवाचा रिकामा कोनाडा दिसला तरी ते तो लिंपाले लावत.

पोराच्या बापानं गावकीची कामं सोडली, तसं गावानं त्याले जागा सोडाले लावली. मग तो कापसाच्या जिनात हमाली करू लागला अन गावाबाहीर, जे सापडलं त्याचं घर बांधलं. असं घर मी पुन्हा पाह्यलं नाही. वरते जळालेल्या जिनाचे टिनं, भोकात डांबर. टिनं उडू नये म्हून त्यावर गोटे अन एक फुटकं जातं. एक भिंत सोड्याच्या बाटल्यांची, बुडं बाहीर. ऊन पडलं का भिंत डोळे मिचकावे. खिडकीले सर्व्हिस मोटारीची काच. तिच्यावर अजून लिहिलेलं, 'हात बाहेर काढू नये.' कंडक्टरचा आवाज माया जिभेच्या टोकावर आलता. गिळला.

तेवढ्यात मले दार दिसलं. चौकट जुनी, सागाची, नक्षीची. वरच्या पट्टीले मधोमध मातीचा गोळा लिंपलेला. पावसानं माती तडकली होती, अन तडकीतून एक गोल पोट अन सोंडेचं टोक डोकावून राह्यलं होतं.

मी बाबाकडं पाह्यलं. बाबानंही पाह्यलं होतं. ते हळूच म्हणे, "चूप."

मोठेबाबा उंच, दार ठेंगणं. आत जाताना त्याईचा फेटा पट्टीले अडला. माती भसकन खाली पडली. त्याईनं मान वर केली.

"हे काय हाये?"

"सागवान हाये जी," पोराचा बाप म्हणे. "देशमुखाची माडी पाडली तवा भेटलं."

"लाकडाचं नाही पुसत. लाकडावर कोण बसला हाये?"

"लिंपला होता जी."

"लिंपला म्हंजे गेला काय?"

आतून पोराची माय चुलीपासून बोलली, "भाऊजी, तीन वर्सं झाली, तो माया डोक्यावर बसला हाये. त्यानं मले काही देल्लं नाही, मी त्याले काही मागतलं नाही."

मी जीभ चावली. मोठेबाबा हासले नाहीत. "बाई, तुमचं खरं. पण आपली पोरगी देवाखालून आत नेली म्हणतीन लोकं. चला रे." अन ते अंगणात उतरले. बाबा जागीच उभे. थोरल्या भावाले आडवं बोलाची त्याईची छाती नव्हती. मले बहिणीचा हात अजून मनगटावर जाणवून राह्यला होता.

पोरगं दारामागून सारं आयकून राह्यलं होतं. ते आतून पटाशी अन हातोडी घेऊन आलं. "थांबा जी. सोलून टाकतो."

"अबे, साऱ्या टिनाचं वजन त्याच्यावर हाये!" बाप वरडला.

पण त्यानं घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याले पट्टीचं एक टोक भिंतीतून निसटलं. वरचे टिनं करकरले, जातं गडगडत कडेले आलं, बाटल्या खणखणल्या. आम्ही सारे पळालो, पोराचा बापही. पोरगं पळालं नाही. त्यानं पट्टीखाली खांदा देल्ला अन वरडलं, "माय, बाहीर निंग!"

एका खांद्याचं ते काम नव्हतं. त्याचे गुडघे वाकू लागले. माय चुलीच्या धुरात दार चाचपत होती.

माया बाजूनं कोणतरी धावत गेलं. मोठेबाबा! त्याईनं पट्टी मधोमध फेट्यावर घेतली, दोन्ही हात लावले, अन डोळे गच्च मिटले. माय दोघायच्या मधातून वाकून बाहीर आली. गणपतीचं पोट मोठेबाबाच्या कपाळाले टेकलेलं.

"तोंडाकडं काय पाह्यतं बे गाढवा! बंडीचं जू आण!" मोठेबाबा मायावर वरडले.

मी अन बाबानं जू आणून पट्टीखाली टेकू म्हून ठोकलं, तवा ते दोघं सुटले. मोठेबाबाच्या कपाळातून रक्त येऊन राह्यलं होतं. पोराच्या मायनं पदर ओला करून पुसलं. त्याईनं पुसू देल्लं. जू तिथंच अडकलं, म्हून पोराच्या बापानं दुसरं जू मागून आणलं.

आम्ही बंडीनं परत निंगालो. मी बैलाच्या शेपटीकडं पाह्यत बसलो. घरी दारात बहीण उभी असणार, अन मी काय सांगू?

शेवटी बाबानंच विचारलं, "मंग दादा?"

मोठेबाबा कपाळ चाचपत होते. "आपण सारे आपआपला जीव घेऊन पळालो," ते म्हणे. "त्याचा बापही पळाला. पोरगं मायसाठी थांबलं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? दे पोरगी. पण सांगजो त्याले, पहिले खालून पक्का खांब घाल, मंगच पटाशी लाव."