अण्णांची अट

चित्रं काढायची मी, आणि ती मागायला आलेल्या माणसाशी भांडायचं अण्णांनी, ही वाटणी कुणी केली देव जाणे! मी तर केली नव्हती. अण्णा आमचे शेजारी. आमच्या कानडी गावातल्या शिवाजीनगरात त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं. पुस्तकांशी संबंध शून्य. पण मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते हे त्यांना कळलं, आणि न विचारता ते माझे वकील होऊन बसले.

वकिली कसली, तर प्रकाशक घरी आला की चित्रांचं पुडकं स्वतःच्या मांडीखाली दाबून बसायचं. त्याने हात पुढे केला की म्हणायचं, "स्वल्प थांबा. कॉफी घ्या." कॉफी अर्ध्यावर आली की अट घालायची. "छपाई झाली की चित्रं परत. आणि पोरीचं नाव पहिल्या पानावर. सरी? ठीक ना?"

पुण्याहून आलेल्या एका प्रकाशकाने तर कपच खाली ठेवला. "लेखकाचं नाव असतं की! चित्रं काढणाऱ्याचं कशाला?"

"मी शिवलेल्या कोटात माझ्या नावाची पट्टी असते," अण्णा म्हणाले. "कोट घालणारा वेगळा, शिवणारा वेगळा."

गृहस्थ चपला घालून चालते झाले. माझं पहिलंवहिलं पुस्तक जिना उतरून निघालं होतं, आणि अण्णा म्हणतात, "येईल बघ परत." कशाचा येतोय! मी संतापून रडले. अण्णांनी शांतपणे आपली कॉफी संपवली.

अशी आणखीही कामं त्यांनी घालवली. "अण्णा, तुम्ही दुकानातच बसा हो," मी हात जोडून सांगायची. "बसतो की," म्हणायचे, आणि पुढच्या प्रकाशकाच्या आधी हजर!

शेवटी गावातल्याच एका छापखानेवाल्याने अट मानली, बहुधा कंटाळून. पुस्तक आलं. अण्णा माझ्या नावावर बोट ठेवून बसले ते पान उलटेचनात.

"अहो, चित्रं तरी बघा!"

"चित्रं घरात होतीच," ते म्हणाले. "हे नव्हतं."

पुढे अण्णा गेले. फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, आता कामं तरी सुरळीत मिळतील, असंही मनात आलं. थोड्या दिवसांनी एक मोठा प्रकाशक आला. बोलायला गोड, पण घाईत. आपण कसली अट घालायची नाही, असं मी घोकूनच ठेवलं होतं. त्याने चित्रं मागितली. मी टेबलावर पाहिलं, खुर्चीवर पाहिलं. पुडकं माझ्याच मांडीखाली होतं.

"स्वल्प थांबा," मी म्हणाले. "कॉफी घ्या."

अर्धा कप टाकून गेला हो तो, अण्णा. हेही काम घालवलंत तुम्ही!